खंडेनवमीला उचललेला हातोडा

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबा तुम्हाला पोर्चमधली हत्यारांची फळी दाखवत होते, तेव्हा धाकटीने विचारलं, "सगळ्या जागा भरलेल्या आहेत, मग मधली एकच का रिकामी?" आजोबा म्हणाले, "तो फिरायला गेलाय," आणि फोन जास्वंदीच्या कुंडीकडे वळवला. मुलांसमोर काही गोष्टी बोलायच्या नाहीत, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. तुम्ही दोघंही आता कळत्या वयाचे आहात, आणि तुमच्या आत्याला विचारूनच हे लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस." जिथं मराठी अडेल तिथं बाबांना विचारा. त्यांना हे सगळं माहीत आहे.

आधी फळीबद्दल. आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे प्रत्येक हत्याराचा आकार भिंतीवरच्या फळीवर रंगवलेला असे आणि काम संपलं की हत्यार आपापल्या आकारात परत गेलंच पाहिजे. एक आकार रिकामा राहिला तर विमान जागचं हलत नसे, कारण विसरलेला पाना विमानाच्या पोटात असू शकतो. निवृत्तीनंतर त्यांनी तीच शिस्त इंदिरानगरच्या आपल्या घरी आणली. पोर्चमध्ये पांढरी फळी लावली, तिच्यावर काळ्या रंगाने पाने, पकडी, छिन्न्या काढल्या आणि मधोमध मोठा हातोडा. मला हे आवडलं होतं. मी नन्सच्या शाळेत वाढलेली, माझ्याही कपाटात रुमालांची जागा ठरलेली. फक्त माझ्या सांडशीचा आकार त्यांनी ओट्यामागच्या टाइल्सवर काढायला घेतला, तेव्हा मी पेन काढून घेतला.

आता आत्याबद्दल. तिचं लग्न दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरी झालं होतं. मोठं घर, मोठी बाग, दारात ट्रॅक्टर, पिकअप, फवारणीचा ब्लोअर. तिचा नवरा दिसायला चांगला, बोलायला गोड, आणि हात उचलणारा. हे शेवटचं आम्हाला उशिरा कळलं. ती माहेरी आली की पूर्ण बाह्यांचे कपडे घाले. विचारलं तर म्हणे, बागेत ऊन फार लागतं.

मग एका संध्याकाळी फाटकाशी गाडी येऊन थांबली आणि इंजिन बंदच होईना. मी बाहेर गेले. आत्या स्टिअरिंगला धरून बसली होती, डावा हात मांडीवर, मनगट सुजून पोळीसारखं फुगलेलं. एका हाताने, गिअर बदलताना स्टिअरिंग गुडघ्याने धरून, ती दिंडोरीहून आली होती. म्हणाली, "गाडीच्या दारात हात सापडला." मी म्हटलं, "कुणी लावलं दार?" ती म्हणाली, "सापडला, आई." मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. ती परत जाणार नाही, हेही तिने त्याच आवाजात सांगितलं.

ती गाडी तिच्या आधीच्या नोकरीच्या पगारातून घेतलेली, कागदावर नाव मात्र नवऱ्याचं. निघताना मळ्याच्या वाटेवर पुढचं डावं चाक पाण्याच्या चारीत गेलं होतं. मागून नवरा पळत येत होता, म्हणून तिने चाक बाहेर उडी मारेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरला. त्या आपटण्याने चाकाचं बेअरिंग गेलं. बेअरिंग म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारं पोलादी कडं, आत गोळ्या असतात, त्यांच्यावर चाक फिरतं. ते बिघडलं की गाडी वेग घेताना घोंगावते. पुढे पुढे चाक डुगडुगतं, आणि तसंच चालवत राहिलं तर भर रस्त्यात निखळूही शकतं.

प्लास्टर निघेपर्यंत तिने नोकरी शोधली. एका खाजगी प्रयोगशाळेसाठी बागाबागांतून माती आणि पानांचे नमुने गोळा करायचे. काम दसऱ्यानंतर लगेच सुरू होणार होतं आणि अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. म्हणजे सगळं त्या घोंगावणाऱ्या गाडीवर येऊन थांबलं. गाडी नसेल तर नोकरी नाही. नोकरी नसेल तर तिच्या सासरचे लोक चार मोठी माणसं घेऊन येतील, समजूत घालतील, आणि एखाद दिवशी ती थकून त्या घरात परत जाईल. ती जाईल याची मला जेवढी भीती होती, तेवढीच तिला स्वतःला होती. भांडी विसळताना तिने ते मला सांगितलं होतं.

गॅरेजमध्ये गाडी द्या, असं मी म्हटलं. आजोबा म्हणाले, "विमानाखाली झोपून आयुष्य गेलं आणि या डबड्याला दुसऱ्याचा हात लावू?"

त्यांनी अष्टमीला सकाळी काम काढलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, असा त्यांचा अंदाज होता. तोच चुकला.

मी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. निघालेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ठेवायचा, म्हणजे उलट क्रमाने परत बसवता येतो. ते माझं काम. दुसरं काम, इंग्रजी पुस्तिका वाचून मराठीत सांगायची. चाकाच्या मधला मोठा नट निघेना. आजोबांनी पान्याला लांब पाइप जोडला आणि पाइपवर चढून उभे राहिले. मग त्यावर उड्या मारायला लागले.

"उतरा. कंबर मोडेल."

"मोडू दे. नट तरी सुटेल."

नट सुटला तेव्हा बंदूक उडावी तसा आवाज झाला. आत स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मी गेले तर आत्या ओट्याला पाठ लावून उभी होती, उपासाची भगर भांड्यासकट जमिनीवर, आणि तिचा उजवा हात डाव्या मनगटावर घट्ट. तिने फडकं घेतलं आणि पुसायला बसली.

दिवसभर तेच चाललं. गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी स्टँड लावला, आणि काढलेलं चाक आजोबांनी आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवलं. "स्टँडवर विश्वास ठेवायचा, पण आंधळा नाही," ते म्हणाले. ब्रेक काढला, तारेने टांगला. एकेक सांधा ठोकून सोडवला. ज्या जड लोखंडी तुकड्यात बेअरिंग बसवलेलं असतं, त्याला नकल म्हणतात. तो पूर्ण बाहेर काढून त्यांनी वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. त्या नकलमधून, चाक ज्याला लागतं तो मधला गड्डा, म्हणजे हब, ठोकून बाहेर काढायचा होता. तो निघाला की बेअरिंग मोकळं होतं. चारीच्या पाण्याने तो गंजून एकजीव झालेला.

आजोबांनी मोठा हातोडा घेतला आणि मारायला सुरुवात केली. असे आवाज या घरात कधी झाले नव्हते. खिडकीची तावदानं थरथरत होती, फळीवरचे पाने खुळखुळत होते. चौकातल्या मंडपात देवीची गाणी लागली होती, ती ऐकू येईनात. छिन्नी निसटली आणि त्यांच्या बोटाचं कातडं हाडापर्यंत सोललं गेलं. रक्त वर्तमानपत्रावर पडलं. त्यांनी वायरला गुंडाळायची काळी टेप बोटाला गुंडाळली आणि पुन्हा हातोडा उचलला. वरच्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीत आले.

"काका, देवीला बळी देताय का?"

"माझाच जातोय," आजोबा वर न बघता म्हणाले.

मी मधे मधे आत जाऊन येत होते. आत्याने स्वयंपाकघराची खिडकी लावली, मग दार लावलं, मग मागच्या खोलीत गेली आणि तेही दार लावलं. दोन्ही दारांपलीकडे प्रत्येक घावाला तिचे खांदे वर जात होते, ते मी पाहिलं. मी बाहेर येऊन आजोबांना म्हटलं, "जरा हळू मारता येईल का?" ते म्हणाले, "हळू मारून सुटत असतं तर काय हवं होतं."

उजेड गेला तरी हब जागचा हलला नव्हता. आजोबा पायरीवर बसले.

"उद्या?" मी विचारलं.

"उद्या खंडेनवमी."

त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो. आजोबा फार देवभोळे नाहीत, पण एवढं त्यांनी कारखान्यातही पाळलं आणि घरीही. गाडी एका बाजूने स्टँडवर, चाक पोटाखाली, नकल वाइसमध्ये. "अशी लंगडी ठेवायची?" मी म्हटलं. त्यांनी रॉकेलच्या फडक्याने हत्यारं पुसायला घेतली. "माझीच अक्कल. अष्टमीला उघडायलाच नको होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये पाटावर पांढरं कापड घातलं. त्यावर सगळी हत्यारं फळीवरच्याच क्रमाने, मोठा हातोडा मधोमध. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. नवीन बेअरिंगच्या खोक्यालाही आजोबांनी कुंकवाचं बोट लावलं. आत्याने रांगोळी काढली. आवाज बंद होते म्हणून तिचा चेहरा जरा सैल वाटला. ती म्हणाली, "एक दिवस उशीर झाला तर काय होतंय."

नैवेद्याचा कुकर लावला होता, तेवढ्यात फाटकाशी पिकअप थांबली. तिच्यातून आत्याचा नवरा उतरला आणि त्याच्यामागे त्याचा चुलत भाऊ. चुलत भाऊ पिकअप चालवत आला होता. मोठा, शांत माणूस, आत्याला वहिनी म्हणायचा. आत्या आत गेली. मी पाणी आणलं. जावई दारात आला की पाणी आणायचं, हे हाताला लागलेलं असतं.

तो पाणी प्यायला आणि तांब्या कट्ट्यावर ठेवून म्हणाला, "मामा, उद्या दसरा. गाडी न्यायला आलोय."

"आणि आमची मुलगी?" आजोबांनी विचारलं.

"तिला यायचं तर येऊ द्या. गाडीत जागा हाय."

आजोबांनी पाटावरचा झेंडू सरळ केला. तोच पुढे बोलला, "आमच्याकडं दसऱ्याला सगळी वाहनं दारात लागत्यात, तुम्हाला माहीत हाय. ट्रॅक्टर, पिकअप, सगळी, हार घालून. आख्खा गाव सोनं द्यायला येतो. रांगेत गाडी दिसली नाय तर पन्नास तोंडं विचारत्यात. काय सांगू त्यांना?"

"खरं सांगा," मी म्हटलं.

"मामी, तुम्ही यात पडू नका. गाडी माझ्या नावावर हाय."

"मग न्या की पाहुणे," आजोबा म्हणाले. "उचला आणि न्या. चाक खाली आहे, बाकीचं त्या वाइसमध्ये."

त्याला ते आधी कळलंच नाही. मग त्याने गाडीला वळसा घातला आणि पुढच्या डाव्या बाजूची मोकळी पोकळी बघितली. "चाक लावा. हळूहळू नेतो."

"कशाला लावू चाक? हे बघा." आजोबा मांडी दुमडून खाली बसले आणि चाकाच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. "इथं ते लोखंड असतं, त्याला चाक लागतं. ते नाही इथं. काही नाही."

"मला येडा समजता का? मुद्दाम खोलून ठेवली."

आणि त्याने गाडीला लाथ मारली. एक नाही, दोन. दुसरी लाथ बसली तसा स्टँड शहाबादी फरशीवरून सरकला, करकर आवाज झाला आणि गाडी खाली आली.

तो आवाज मी विसरणार नाही. आजोबा मागे फेकले गेल्यासारखे पडले. हात आत होता की बाहेर, हे मला दिसलं नाही. मी नाव घेऊन हाक मारली, जे मी लग्नानंतर कधी केलं नव्हतं. गाडी पोटाखाली सरकवलेल्या चाकावर अडली होती. पोकळीत एक हात राहील एवढी फट उरली होती, आणि त्या फटीतून आजोबांनी हात ओढून घेतला. शर्टाची बाही फाटली, कोपर सोललं. बाकी हात शाबूत होता.

चुलत भाऊ पुढे धावला. "मामा, लागलं का?"

जावयाचा चेहराही पांढरा पडला होता. पण घाबरलेला माणूस कधी कधी जास्त वाईट वागतो. तो मागे सरला, माझ्या वर्तमानपत्रांवर पाय पडला आणि त्याने तीच लाथेने उडवली. मी क्रमाने लावलेले नट, बोल्ट, चकत्या पोर्चभर उधळल्या, काही रांगोळीत गेल्या. "बोलवा तिला बाहेर," तो ओरडला. "बोलवा. नायतर मी आत जातो."

ती बाहेर आलेलीच होती.

ती पाटाशी गेली, वाकली आणि मधोमध ठेवलेला हातोडा उचलला. त्यावरचा झेंडू खाली पडला. डावं मनगट अजून क्रेप बँडेजमध्ये होतं, तरी दांडा तिने दोन्ही हातांनी धरला होता. लोखंडावर कुंकू होतं. चुलत भाऊ जिथे होता तिथेच थांबला. माझ्या मनात आलं, आता ती याला मारणार. आणि तुम्हाला खरं सांगते, मी पुढे गेले नाही.

तो हसला. "घाल. घाल डोक्यात. हाय दम?"

फरशीवर बसलेले आजोबा मला म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात, "तिला आधी चष्मा दे."

कामाचा जाड चष्मा. ठिणगी, कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून घालतात तो. ती कुठे निघाली आहे, हे त्यांना तिच्या पायांवरून कळलं होतं. मी खिळ्यावरचा चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. ती नवऱ्याच्या बाजूने गेली, त्याला ओलांडून, वाइसपाशी. आजोबांनी आदल्या दिवशी हबवर लावून ठेवलेला पोलादी तुकडा तसाच होता. तिने हातोडा डोक्याच्या वर नेला आणि मारला.

पहिल्या घावाला तो एक पाऊल मागे सरला.

तिने दुसरा मारला. तिसरा. ती दात ओठ खात नव्हती, रडत नव्हती. आदल्या दिवशी दोन दारांआड जिचे खांदे वर जात होते, तीच मारत होती, आणि आता प्रत्येक घावाला जावयाच्या पापण्या मिटत होत्या. डावं मनगट दुखत असणार, कारण प्रत्येक घावानंतर ती क्षणभर दांडा एकाच हातात घेई आणि दुसरा झटके. मग पुन्हा दोन्ही हात.

"वहिनी, हात..." चुलत भाऊ म्हणाला. "पायरीवरून पडल्या ना तुम्ही, अजून कच्चा असंल."

ती थांबली. "पायरीवरून?"

"दादा म्हणला तसं. घरात सगळ्यांना तेच..."

आम्हाला गाडीचं दार सांगितलं होतं. त्यांना पायरी. आत्याने चष्म्यातून नवऱ्याकडे बघितलं, मग चुलत भावाकडे. "मी गाडीत बसत होते. दार उघडं होतं आणि माझा हात चौकटीवर होता. त्यानं हात बघितला. मग दार लावलं." आणि तिने पुन्हा हातोडा उचलून मारला.

"खोटं बोलती," जावई म्हणाला.

"बघितला," ती म्हणाली, आणि घाव. "बघितला आणि मग लावलं." घाव.

चुलत भाऊ खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, चला."

"तू गप रे."

"चला म्हणतो ना. गाडी राहू द्या."

जावयाने त्याच्या कानाखाली मारली. इतकी सहज, की त्याची सवय आम्हा सगळ्यांना एका क्षणात दिसली. चुलत भाऊ त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता. त्याने हात उचलला नाही. गालाला हात लावला, वळला, पिकअपमध्ये जाऊन बसला आणि इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात हब सुटला. कडाड असा आवाज झाला, वाइसला हिसका बसला आणि तो लोखंडाचा गड्डा फरशीवर पडून गरगरत जावयाच्या पायाशी जाऊन थांबला. फरशीला तिथे खड्डा पडला, तो अजून आहे. पायपुसणं असतं त्याखाली. जावयाने त्याच्याकडे बघितलं. हातोडा घेऊन उभ्या असलेल्या आत्याकडे बघितलं. चुलत भावाने हॉर्न वाजवला, धरूनच ठेवला. जावई गेला, आणि जाताना फाटक असं आपटलं की वरची बिजागरी तुटली.

मी आत जाऊन आधी गॅस बंद केला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या होत्या, देव जाणे. वरण करपलं होतं.

बाहेर आले तेव्हा आत्या हातोडा पाटावर परत ठेवायला वाकली होती आणि ठेवत नव्हती. "अण्णा," ती म्हणाली, "आज हत्यार उचललं मी."

आजोबा कोपरावरचं रक्त पुसत होते. "उचललंस ना? मग अर्धं सोडू नको. अर्धं सोडलेलं जास्त वाईट." आणि त्यांनी पाटावरचे पाने उचलायला सुरुवात केली, कुंकवासकट.

त्या दोघांनी गाडी पुन्हा उचलली आणि स्टँडखाली रबर घातलं. हबवर जुन्या बेअरिंगचं आतलं कडं अडकून आलं होतं. ते ग्राइंडरने चिरायचं आणि छिन्नीने फोडायचं असतं. "मीच करते," आत्या म्हणाली. ठिणग्या तिच्या ओढणीवर पडत होत्या, मी ती ओढून काढून घेतली. कडं फुटलं तेव्हा त्याचा तुकडा उडून कुंडीवर आदळला आणि कुंडी तडकली. तीच ही जास्वंदीची कुंडी, जिच्याकडे आजोबांनी परवा फोन वळवला. मी मात्र गुडघ्यांवर बसून पोर्चभर विखुरलेले नट वेचत होते. रांगोळीतले धुऊन घेतले. क्रम पुस्तिकेवरून पुन्हा लावला.

नवीन बेअरिंगची वेळ आली तेव्हा आत्याने हातोडा उचलला. "आता मारू?"

"आता एकही नाही," आजोबा म्हणाले. "नव्याला घाव चालत नाही. आतून बिघडतं, आणि वरून कळत नाही."

आट्यांचा एक लांब रॉड आरपार घालून, दोन्ही बाजूंनी जाड चकत्या लावून, पान्याने थोडं थोडं आवळत ते आत ओढायचं असतं. आत्या आवळत होती, आजोबा बोट फिरवून बेअरिंग सरळ जातंय का बघत होते. नट किती जोराने आवळायचा तो आकडा मी पुस्तिकेतून वाचला, त्यांनी शेवटचा नट तेवढा आवळला. दिवे लागायच्या सुमारास चाक लागलं.

मग हत्यारं फळीवर गेली. आजोबा नेहमीप्रमाणे समोर उभे राहून एकेक आकार बघत होते. मधला आकार रिकामा होता. एक लहानसा सॉकेट सापडला नाही तर पोर्च झाडून काढणारा हा माणूस. मी गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटखाली पांढऱ्या कापडाचं टोक बघितलं होतं, पाटावर घातलेल्या त्याच कापडाचं. त्यांनीही बघितलं असणार.

"सगळी आहेत," ते म्हणाले आणि पोर्चचा दिवा मालवला.

दसऱ्याला गाडीची पूजा आपल्या दारात झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, आत्याने ती चिरडून गाडी बाहेर काढली आणि आम्हा दोघांना पाथर्डी फाट्यापर्यंत नेऊन आणलं. काच खाली करून आजोबा डाव्या चाकाकडे कान लावून बसले होते. घोंगावणं गेलं होतं.

सगळं तिथेच संपलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दिवाळीत कुणीतरी आपल्या हॉलच्या काचा दगडांनी फोडल्या. पोलिसांत गेलो. नंतर एकदा दिंडोरी रस्त्यावर त्याने मोटारसायकल आडवी घालून तिला थांबवलं. काचेवर हात आपटत राहिला. आत्याने काच खाली केली नाही. सीटखालून हातोडा काढला आणि समोर डॅशबोर्डवर ठेवला, एवढंच. थोड्या वेळाने त्याने मोटारसायकल बाजूला घेतली. पुढे कोर्टात घटस्फोट होऊन सगळं सुटलं, गाडीही तिच्या नावावर झाली. त्या चुलत भावाने येऊन साक्ष दिली. त्याच्या बागेतले नमुने ती अजून घेते.

हातोडा तिच्याकडेच असतो. वर्षातून एकदा, खंडेनवमीला सकाळी ती तो घेऊन येते, कापड सोडते आणि पाटावर मधोमध ठेवते. मी हळदकुंकू लावते. त्या दिवशी त्याला कुणी हात लावत नाही. दसऱ्याला निघताना ती तो पुन्हा सीटखाली ठेवायला घेते, तेव्हा आजोबा तिच्या हातातून घेतात, दांडा पकडून एकदा हलवून बघतात. ढिला वाटला तर पाचर ठोकून घट्ट करतात आणि मग देतात.